अर्धवट काचकाम पुन्हा तापवताना

उकळता चहा ओतला की जाड काचेचा पेला तडकतो, पातळ पेला मात्र बहुधा तगतो. आमच्या घरी अशा वेळी दोष चहाला देत. पण काच नुसत्या उष्णतेने तडकत नाही. तिच्या एका भागाचे तापमान दुसऱ्यापेक्षा फार वेगळे झाले म्हणजे तडकते. तापलेली आतली काच फुगू पाहते, बाहेरची थंड काच ताणली जाते. काच दाब पुष्कळ सोसते. ताण सोसत नाही.

व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर १२९१ पासून काचभट्ट्या एकवटल्या. व्हेनिसचे कारागीर काचेच्या कांड्या ज्योतीवर वितळवून मणी आणि छोटे प्राणी घडवतात. पूर्वी तेलाचा दिवा आणि भाता असे, आता गॅस व ऑक्सिजनची ज्योत असते. नाव मात्र दिव्याचेच राहिले. समजा, घोड्याचे धड झाले, पाय राहिले आणि संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी तो गार घोडा सरळ ज्योतीत धरला तर?

बहुधा फुटेल, आणि तोही आतून. काल तो उघड्यावर निवला असेल तर बाहेरचा थर आधी घट्ट झाला, आतली काच मागाहून आकसू लागली आणि ताणलेलीच राहिली. आज ज्योतीने बाहेरचा थर फुगतो व आतल्या काचेला आणखी ओढतो. कालचा ताण आणि आजचा ताण यांची बेरीज होते. म्हणून काम अर्धे असले तरी आदल्या दिवशीच त्याचे अनुशीतन, म्हणजे भट्टीत सावकाश निववणे, झालेले हवे. हे टाळणारा पुढच्या दिवसासाठी उसनवारी करतो, असे मला वाटते.

दुसऱ्या दिवशी घोडा थंड भट्टीत ठेवून मग भट्टी तापवावी. मुरानोच्या मऊ काचेसाठी सुमारे ५१० ते ५२० अंश सेल्सिअसपर्यंत जायचे. घाई नको, विशेषतः सुरुवातीला. जाडी दुप्पट झाली तर उष्णता गाभ्यापर्यंत पोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. भट्टीचा तापमापक हवेचे तापमान दाखवतो, घोड्याच्या पोटाचे नव्हे. तेव्हा आकडा गाठल्यावरही काही वेळ थांबावे. बोरोसिलिकेट काचेला याहून जास्त, सुमारे ५६० अंश लागतात. तिचे पाय मऊ काचेच्या धडाला मात्र जोडू नयेत. मऊ काच तिच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते.

बाहेर काढण्याआधी भट्टीची वीज बंद करावी, कारण चिमटा लोखंडी असतो. चिमट्याची टोकेही ज्योतीत तापवून घ्यावीत. थंड लोखंड टेकते तिथेच तडा जातो. हातमोजे आणि काचकामाचा खास चष्मा हवाच.

आता धोका उलटा होतो. पाय जोडताना घोड्याची पाठ हवेत निवते, तिचा बाहेरचा थर आकसून ताणला जातो. म्हणून दर काही सेकंदांनी सगळा घोडा ज्योतीच्या टोकाशी फिरवून घ्यावा. एक पाय झाला की दुसऱ्याच्या मोहात पडून पाठ विसरणे सोपे असते.

चारही पाय झाले की घोडा परत भट्टीत जातो. तेवढ्याच तापमानाला थोडा वेळ ठेवून, मग हळूहळू उतरवत, भट्टी पूर्ण गार होईपर्यंत दार उघडायचे नाही.