कवट्यांना घाबरायचं कशाला?

प्रश्न : आम्ही लॉस एंजेलिसला राहतो. माझ्या चार वर्षांच्या मुलाच्या बालवाडीत मेक्सिकन ‘दिया दे लोस मुएर्तोस’ साजरा होणार आहे. सांगाडे, कवट्या पाहून तो घाबरेल का? त्या दिवशी त्याला घरीच ठेवू का?
– एक आई

उत्तर : घरी ठेवण्याची गरज नाही. हा भुताखेतांचा सण नाही आणि हॅलोविनही नाही. १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकन कुटुंबं आपल्या दिवंगतांची आठवण काढतात. वेदीवर फोटो, झेंडू, मेणबत्त्या, गोड पाव आणि त्या माणसाच्या आवडीचे पदार्थ मांडतात. साखरेच्या कवट्याही रंगीत, फुलापानांनी सजवलेल्या असतात. २००८ मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

आधी घरी झेंडू आणि रंगीत पताकांची चित्रं दाखवा, कवट्या नंतर. घरातलं कुणी गेलं असेल, तर त्यांचा फोटो दाखवून एखादी गोष्ट सांगा. “ते झोपलेत” असं मात्र म्हणू नका. मुलं झोपायला घाबरू लागतात. “त्यांचं शरीर थांबलं, ते परत येणार नाहीत, पण आपण त्यांची आठवण काढतो,” एवढं पुरे. तोच प्रश्न तो पुन्हा विचारेल. उत्तरही तेच द्या. घरात नुकताच मृत्यू झाला असेल, तर शिक्षिकेला आधी कळवा. तो घाबरलाच, तर आग्रह करू नका. एरवी निर्धास्तपणे पाठवा.