खोक्यातून आलेली मुलांची एटीव्ही : जोडणी, तपासणी आणि बारीकसारीक दुरुस्ती



आपल्यातले काही गट आता कृषी पर्यटन केंद्र चालवतात. हुरडा पार्टी, चुलीवरचं जेवण, बैलगाडीची फेरी हे सगळं झालं की शहरातून आलेली मुलं विचारतात, "अजून काय आहे?" मग कुणीतरी सुचवतं की मुलांची एटीव्ही घेऊ. चार जाड चाकांची, हँडलची, मातीत चालणारी छोटी मोटरगाडी. बाहेरून आयात झालेली 110 सीसीच्या आसपासची पेट्रोल गाडी नावाजलेल्या कंपनीच्या गाडीपेक्षा बरीच स्वस्त मिळते. स्वस्त का, तर ती अर्धवट सुटी, लोखंडी चौकटीत आणि खोक्यात बांधून येते. जोडणी आपल्याला करायची असते, आणि पुस्तिका बहुतेक वेळा मोडक्यातोडक्या इंग्रजीत असते.

या पाठात तीन गोष्टी शिकू : गाडी नीट कशी जोडायची, बंद पडली तर काय बघायचं, आणि मूल बसवण्याआधी काय तपासायचं. मिस्त्री लागेल तिथे मिस्त्रीच बोलवायचा. पण मिस्त्री काय करतोय ते आपल्याला कळलं पाहिजे, कारण गाडीवर बसणारं मूल आपल्या भरवशावर बसतं.

घेण्याआधी हिशोब आणि विचार

आधी पैशाचं बोलू. खालचे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुमचे आकडे तुम्ही घाला. समजा फेरीचे 60 रुपये आणि रविवारी 15 फेऱ्या झाल्या, तर 900 रुपये जमा. गाडीजवळ उभ्या राहणाऱ्या ताईची मजुरी 300, पेट्रोल 150, आणि दर फेरीमागे 10 रुपये दुरुस्तीच्या पेटीत म्हणजे 150. उरले 300. महिन्याचे चार रविवार धरले तर 1200 रुपये. गाडी 60,000 ची असेल तर पैसे फिटायला 50 महिने, म्हणजे चार वर्षांहून जास्त. पावसाळ्यात फेऱ्या बंद राहतील ते वेगळंच. म्हणून फक्त रविवारच्या गर्दीवर कर्ज काढू नका. सहली आणि शाळांच्या भेटी किती येतात ते आधी मोजा.

आता सुरक्षिततेचं. ही खेळणी नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की 16 वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवूच नये. त्याच देशात मुलांच्या एटीव्हीचे वयाप्रमाणे वर्ग केलेले आहेत : 6 वर्षांपुढे, 10 वर्षांपुढे आणि 12 वर्षांपुढे. सगळ्यात लहान वर्गातल्या गाडीचा वेग ताशी 15 मैल, म्हणजे साधारण 24 किलोमीटरच्या वर जाऊ नये, आणि वेग बांधल्यावर 10 मैल, म्हणजे साधारण 16 किलोमीटर राहावा, असा तिथला नियम आहे. गाडीवर वयाचं लेबल असतं, ते वाचा. 10 वर्षांपुढची गाडी 7 वर्षांच्या मुलाला "हळू चालवेल" म्हणून देऊ नका. या चर्चेनंतर गटाने गाडी नको असा ठराव केला, तर तोही शहाणपणाचाच.

घ्यायचं ठरलं तर पक्कं बिल गटाच्या नावाने घ्या. प्लग, केबल, ब्रेकचे भाग कुठे मिळतील हे दुकानदाराकडून लिहून घ्या. खोकं उघडताना मोबाईलवर चित्रण करा. काही कमी किंवा तुटलेलं निघालं आणि दुकानदार ऐकेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार करता येते. तेव्हा बिल आणि चित्रणच कामी येतं.

जोडणी : घाई नको

सपाट जागा, खाली ताडपत्री आणि दोघी-तिघी जणी. सगळे नटबोल्ट एका ताटात, भागाप्रमाणे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. पाना संच, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि सायकलचा पंप जवळ असू द्या.

1. चाकं. पुढची आणि मागची चाकं वेगळी असतात. टायरवर बाण असेल तर तो पुढे जाण्याच्या दिशेने यायला हवा. चाकाचे नट एकदम घट्ट करू नका. आधी सगळे हाताने लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. मधल्या मोठ्या नटाला खाचा असतात आणि त्यातून आडवी पिन जाते. ती पिन घालून तिची टोकं वाकवलीच पाहिजेत. पिन नसेल तर नट हळूहळू सुटतो आणि चालत्या गाडीचं चाक निघतं.

2. हँडल. सरळ बसवून चारही बोल्ट सारखे आवळा. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून बघा. कुठली केबल ताणली जाते का, वायर अडकते का, हे बघायचं.

3. एक्सलेटर. या गाड्यांना तो अंगठ्याने दाबायचा असतो. दाबून सोडला की तो आपोआप टचकन मागे आला पाहिजे. हँडल कुठेही वळलेलं असो, मागे यायलाच हवा. अडकत असेल तर गाडी चालूच करायची नाही. एक्सलेटरच्या डबीवर एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की अंगठा कमी दाबला जातो आणि वेग बांधला जातो. पहिल्या दिवसापासून तो आत फिरवून ठेवा आणि त्याचा नट आवळा.

4. ब्रेक. पुढचा आणि मागचा वेगवेगळा तपासा. ब्रेक धरून गाडी ढकला, चाक फिरता कामा नये. ब्रेक सोडल्यावर चाक मोकळं फिरलं पाहिजे.

5. ऑइल. खोक्यातून आलेल्या इंजिनात ऑइल पुरेसं आहे असं धरून चालू नका. कधी अगदी थोडं असतं, कधी नसतंच. ऑइलची पट्टी काढून पुसा, बहुतेक गाड्यांत ती न फिरवता नुसती टेकवून माप बघायचं असतं. दोन खुणांच्या मधे ऑइल हवं. चार स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नसतं. पहिले काही तास गाडी चालली की ऑइल बदला, कारण नव्या इंजिनाचा बारीक लोखंडी कीस त्यात उतरतो.

6. बॅटरी. आधी चार्ज करा, मग लावा. लाल वायर अधिकला, काळी वजाला. लावताना लाल आधी, काढताना काळी आधी.

7. हवा. इथे चूक फार होते. मोटारसायकलच्या टायरला जेवढी हवा लागते त्याच्या कितीतरी कमी हवा एटीव्हीच्या जाड टायरला लागते. टायरवर आकडा छापलेला असतो, तो बहुधा एक आकडीच असतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर भरून घेतली तर टायर फुटू शकतो, किंवा गाडी चेंडूसारखी उडते. सायकलच्या पंपाने भरा आणि कमी दाबाचं मीटर वापरा.

शेवटी प्रत्येक नट पुन्हा एकदा आवळा. कारखान्यात लावलेलेही आवळा. आवळलेल्या नटावर खडूने किंवा रंगाने रेघ ओढा. रेघ सरकली की नट सुटतोय हे लांबून दिसतं.

पहिल्यांदा चालू करताना

गाडी उघड्यावर आणा. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका. त्या धुरातला विषारी वायू वास न देता जीव घेतो. थोडं स्वच्छ पेट्रोल भरा, कॉक उघडा, गियर न्यूट्रलला ठेवा, थंड इंजिन असेल तर चोक लावा, ब्रेक दाबून धरा आणि बटण दाबा. गाडी तापली की चोक काढा.

लगेच दोन परीक्षा घ्या. गाडीच्या मागे एक दोरी असते, ती ओढली की इंजिन बंद पडलं पाहिजे. रिमोट दिलेला असेल तर त्यानेही बंद झालं पाहिजे. या दोन्ही परीक्षांत पास झाल्याशिवाय गाडीवर मूल बसवायचं नाही. मग मोठ्या माणसाने गाडी धरून गियरमध्ये टाकायची. एक्सलेटर न दाबता गाडी आपोआप पुढे सरकत असेल तर इंजिनाची रिकामी चाल जास्त आहे. कार्बोरेटरवरचा चालीचा स्क्रू कमी करा. अशी सरकणारी गाडी लहान मुलासाठी सगळ्यात धोक्याची, कारण मूल घाबरलं की ब्रेकच विसरतं.

बंद पडली तर काय बघायचं

सोप्यापासून सुरुवात करा. पाना हातात घेण्याआधी डोळे वापरा.

बटण दाबलं, काहीच आवाज नाही : लाल किल स्विच बंद आहे का? मागची दोरी नीट खोचलेली आहे का? गियर न्यूट्रलला आहे का? ब्रेक दाबलाय का? ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागत नसेल तर ब्रेकचा स्विच गेलेला असू शकतो. मग बॅटरीची टोकं आणि फ्यूज बघा. फ्यूज उडाला तर त्याच मापाचा नवा घाला, तिथे तार गुंडाळू नका.

नुसता "टक" आवाज येतो : बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टोक ढिलं आहे.

इंजिन फिरतं पण पेटत नाही : पेट्रोल आहे का, कॉक उघडा आहे का? असेल तर प्लग काढून बघा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही : नळी, गाळणी, कार्बोरेटर बघा. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण ठिणगी नाही, किंवा पेट्रोल जास्त झालंय. प्लग पुसून वाळवा, चोक काढून पुन्हा प्रयत्न करा. ठिणगी तपासायचं काम मिस्त्रीकडे द्या, जवळ पेट्रोल असतं.

चालू होते, पण एक्सलेटर दिला की बंद पडते : चोक लावलेलाच राहिलाय का? एअर फिल्टर धुळीने भरलाय का? नाहीतर कार्बोरेटरमध्ये घाण आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. म्हणून पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून ठेवा.

गाडी एका बाजूला ओढते : दोन्ही पुढच्या चाकांची हवा सारखी करा. एका चाकाचा ब्रेक घासतोय का बघा. तरीही ओढत असेल तर पुढचे दांडे मिस्त्रीकडून सरळ करून घ्या.

चेनचा आवाज येतो किंवा ती उतरते : चेन ढिली आहे. मधोमध बोटाने वरखाली केली तर साधारण अर्धा ते पाऊण इंच हलावी. तेल घालताना इंजिन बंदच ठेवा.

मूल बसवण्याआधी

भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा आणि मोडू देऊ नका : एका वेळी एकच मूल, मागे कुणी नाही. हनुवटीला पट्टा बांधलेलं हेल्मेट आणि बंद बूट. ओढणी, स्कार्फ, मोकळे केस आवरलेले. चढउतार नसलेली, कुंपण घातलेली जागा. विहीर आणि शेततळं लांब. रस्त्यावर गाडी अजिबात न्यायची नाही. रिमोट हातात घेतलेली एक ताई कायम उभी, आणि तिने त्या वेळात फोन घ्यायचा नाही. सायलेन्सर तापतो, उतरताना पाय भाजतो, हे मुलाला आणि पालकांना आधी सांगा. पालकांची सही वहीत घ्या आणि विमा कंपनीकडे पाहुण्यांच्या अपघाताच्या विम्याची चौकशी करा. पाहुणे म्हणतील, "ताई, आमचा पोरगा घरी बाईक चालवतो, हेल्मेट कशाला?" त्यांना हसून पण ठामपणे नाही म्हणा. एक फेरी बुडाली तरी चालेल.

बैठकीत चर्चेसाठी

1. आपल्या केंद्रावर महिन्याला किती मुलं येतात? वरच्यासारखा हिशोब आपल्या आकड्यांनी फळ्यावर मांडा.
2. गाडीची रोजची तपासणी कोण करेल? दोघींची नावं ठरवा आणि वही सुरू करा : तारीख, हवा, ब्रेक, दोरीची परीक्षा, ऑइल, सही.
3. दुरुस्तीच्या पेटीचे पैसे गटाच्या बचतीपासून वेगळे कसे ठेवाल?
4. ब्रेक नीट लागत नाहीये आणि बाहेर दहा मुलं रांगेत उभी आहेत. फेऱ्या थांबवायचा अधिकार कुणाला? तो ठराव आजच लिहून सह्या घ्या, म्हणजे गर्दीच्या दिवशी वाद होणार नाही.