सातपुड्यातले दोन रानकांदे

प्रश्न : चोपडा-शिरपूरकडच्या माळांवर दोन तऱ्हेचे रानकांदे दिसतात. फरक काय?

उत्तर : दोन्ही वनस्पती शतावरीच्या कुळातल्या, खऱ्या कांद्याशी त्यांचे जवळचे नाते नाही, म्हणूनच चिरल्यावर कांद्याचा वास येत नाही. कोळकांदा (ड्रिमिया इंडिका) मोठा. ऐन उन्हाळ्यात, अंगावर एकही पान नसताना, त्याचा उंच दांडा फुलतो. पट्टीसारखी पाने पावसाळ्यात येतात. लेडेबुरिया रेव्होल्युटा बुटका, पानांवर जांभळट ठिपके. त्याची फुले पानांसोबतच येतात. ठिपके बहुधा पुरेशी खूण ठरतात. कोळकांद्यात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात. आयुर्वेदात तो औषधी असला तरी घरगुती प्रयोगाला धोकादायक. दुसराही खाऊ नये.