थंडीच्या मुक्कामासाठी डाऊनची स्लीपिंग बॅग

चेन्नईतील अण्णा नगरात डिसेंबरच्या पहाटेही तापमान सहसा २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि तेवढ्या गारव्यातही तेथील मनोऱ्याच्या उद्यानात फिरावयास येणारी मंडळी कानटोप्या चढवितात. याच वस्तीतील एखादा तरुण ऐन हिवाळ्यात उत्तराखंडातील केदारकांठा या सुमारे ३,८०० मीटर उंचीच्या शिखरावर जाण्याचे ठरवितो, तेव्हा त्याच्यापुढे एक वेगळीच अडचण उभी राहते. ज्या वस्तूवर त्याच्या रात्री अवलंबून राहणार, ती वस्तू त्याला राहत्या गावी पारखून पाहता येत नाही. घरात पंख्याखाली पाच मिनिटे आत शिरून पाहिले, तर कोणतीही बॅग उबदारच वाटावयाची. म्हणून ऊब कशी निर्माण होते आणि ती मोजतात कशी, हे त्याने खरेदीपूर्वीच समजून घेतले पाहिजे.

वास्तविक बॅग स्वतः ऊब देत नाही. शरीराची उष्णता ती बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. डाऊन म्हणजे बदक किंवा हंस यांच्या बाहेरील पिसांखाली असणारी कापसासारखी मऊ लव. तिच्या असंख्य तंतूंमध्ये हवा अडकून स्थिर राहते, आणि स्थिर हवा ही उष्णतेची मंदवाहक होय. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या रसायनशास्त्रज्ञाने विमानी फुग्याच्या कापडात आयडर बदकाची लव भरून एक कोट करवून घेतला होता. सहकाऱ्यांनी प्रथम त्याची थट्टा केली. पुढे थंडी वाढली तशी ती थांबली. हेच फिंच १९५२ ते १९५७ या काळात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

लवेचा कस 'फिल पॉवर' या अंकाने सांगतात. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव मोकळी सोडली असता जितके घनइंच जागा व्यापते, तितका तिचा अंक. ८०० अंकाची ४०० ग्रॅम लव जेवढी फुगते, तेवढे फुगण्यासाठी ५५० अंकाची लव सुमारे ५८० ग्रॅम लागते. हलकेपणा येतो तो येथून, आणि किंमतही येथूनच वाढते. मात्र नुसता अंक पाहून भुलू नये. ८०० अंकाची लव जेमतेम २०० ग्रॅमच भरली असेल, तर ती बॅग हलकी खरी, पण उणे तापमानाच्या कामाची नव्हे. अंक आणि लवेचे वजन ही दोन्ही विचारून घ्यावीत.

सर्वांत घातक गैरसमज होतो तो तापमानाच्या आकड्यांविषयी. युरोपात २००२ साली या मोजमापाचे मानक ठरले आणि २०१६ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय रूप आले. आतून तापविलेला, अंगभर पातळ कपडे घातलेला पुतळा गादीवरील बॅगेत ठेवून ही चाचणी करतात, आणि तीवरून तीन आकडे काढले जातात. पहिला आरामाचा: या तापमानाला सामान्य स्त्री मोकळेपणी झोपू शकते. दुसरा मर्यादेचा: येथे सामान्य पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढतो. तिसरा टोकाचा, आणि त्याचा झोपेशी काहीही संबंध नाही. त्या तापमानाला माणूस कुडकुडत काही तास जिवंत राहील, परंतु शरीराचे तापमान धोकादायक रीतीने उतरण्याचा संभव असतो. एकाच बॅगेचे हे आकडे अनुक्रमे ०, उणे ६ आणि उणे २२ असे असू शकतात. जाहिरातीत ठळक छापलेला 'उणे २२' पाहून ती उणे १० अंशांच्या रात्रीसाठी घेणारा मनुष्य जिवाशी खेळतो. उष्ण किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाने, मग तो पुरुष असो वा स्त्री, पहिलाच आकडा आपला मानावा, आणि तोही अपेक्षित थंडीपेक्षा चार-पाच अंशांनी खालचा पाहावा. असा आकडा लेबलावर नसेलच, तर ती बॅग न घेणे बरे.

अंगाखाली दबलेली लव फुगत नाही. तेथे उष्णता अडविण्याचे काम जाड चटईच करते. चांगली बॅग घेऊन चटईत काटकसर करणाऱ्यास हे पहिल्याच रात्री कळते. बॅग फार ऐसपैस असेल तर आतील रिकामी हवा तापविण्यात शरीराची शक्ती जाते. फार घट्ट असेल तर अंगाच्या दाबाने लव चेपते. डोक्याला टोपण आणि गळ्याशी आवळता येणारी पट्टी मात्र हवीच.

लवेचा खरा शत्रू ओलावा. भिजली की तिचे गोळे होतात आणि ऊब जवळजवळ नाहीशी होते. नीलगिरीत हिवाळी पहाटे दहिवर पडते हे खरे, पण तेथेच धुके-पावसाचेही दिवस असतात. तशा मुक्कामाला कृत्रिम तंतूंची, जड का होईना, बॅग अधिक भरवशाची. कोरड्या, गोठलेल्या थंडीत डाऊनला तोड नाही.

घरी परतल्यावरही काळजी सुटत नाही. चेन्नईची दमट हवा, त्यात ऑक्टोबर ते डिसेंबरचा ईशान्य मोसमी पाऊस. बॅग तिच्या प्रवासी थैलीत कोंबून ठेवली तर लव चेपलेलीच राहते आणि बुरशीचा वासही धरते. ती सुती कापडाच्या मोठ्या पिशवीत मोकळी ठेवावी, कोरड्या दिवशी अधूनमधून सावलीत पसरावी, आणि धुवायचीच वेळ आली तर पाऊस सरेपर्यंत थांबावे. कारण आतील लव पुरती वाळावयास कधी कधी दोन-तीन दिवसही लागतात.