उंच जीप का कलंडते?

"सर, जीप उंच केली की भारी ना?" वर्गात प्रश्न आला. लिफ्ट किटमध्ये उंच स्प्रिंगा, लांब शॉकअप बसवतात. गाडी दोन-तीन इंच वर जाते, दगडाला तळ घासत नाही. पण गुरुत्वमध्यही वर जातो.

कृती : पुठ्ठ्यावर एक काडेपेटी आडवी, एक उभी ठेवा. घसरू नये म्हणून खालच्या बाजूला पट्टी चिकटवा. पुठ्ठा हळूहळू तिरपा करा. आधी कोणती पडते? उभी!

निष्कर्ष : आपल्या धारूरच्या घाटात वळणावर उंच गाडीला हाच धोका. वेग कमीच हवा. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत.

पालकांनो, प्रयोग घरी नक्की करा. मग घाटात मूलच म्हणेल, "बाबा, हळू!"