काळं पडायची वाट बघू नकोस

अगं, मामंजींचा गाल बधिर झालाय हे तू फोन ठेवता ठेवता सांगितलंस! सगळ्यात आधी सांगायची गोष्ट ती. बदललेली किडनी, रोजचं स्टिरॉइड, त्यात साखर वाढलेली. अशा माणसाचा एकाच बाजूचा गाल बधिर होतो, नाकातून तांबूस पाणी येतं, तेव्हा म्युकरची, लोक जिला काळी बुरशी म्हणतात तिची, शंका घ्यायची; वाफारा घेत बसायचं नाही.

2021 चा मे आठवतो ना? करोनातून उठलेली माणसं म्युकर घेऊन आपल्या घाटी रुग्णालयात येत होती. इंजेक्शनांसाठी नातेवाइकांची इतकी वणवण, की आपल्या हायकोर्टाच्या खंडपीठालाही दखल घ्यावी लागली. तेव्हापासून जो तो नाकात टॉर्च मारून काळं शोधतो. पण बाई, काळी ती बुरशी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवते, मग मांस मरून काळं पडतं. तोवर उशीर झालेला असतो.

रक्ताच्या रिपोर्टवर विसंबू नकोस. बीटा-डी-ग्लुकान, गॅलॅक्टोमॅनन या महागड्या तपासण्या म्युकरला पकडतच नाहीत. दुर्बिणीतून नाक बघून तुकडाच काढावा लागतो. त्याचे दोन भाग हवेत: एक फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा सलाइनमध्ये आमच्याकडे, मायक्रोबायोलॉजीला. गडबडीत सगळं फॉर्मलिनच्या बाटलीत जातं आणि तिथं बुरशी मरते, मग कल्चरला उगवणार काय? तू आधीच विचारून घे, लाजू नकोस. सलाइनमधला तुकडा आम्ही केओएचच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) थेंबात काचेवर दाबतो. रुंद, रिबिनीसारखे, काटकोनात फुटलेले धागे दिसले की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन जातो. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीचे धागे बारीक, मध्ये पडदे असलेले. त्याच्यावर चालणारं व्होरिकोनॅझोल म्युकरवर फुकट जातं, म्हणून हा फरक आधी कळायला हवा. कल्चर निगेटिव्ह आलं तरी हुरळू नकोस. म्युकरचे धागे इतके नाजूक, की तुकडा वाटतानाच मरतात.

म्युकर निघालं तर अँफोटेरिसिनची इंजेक्शनं. ते औषध किडनीला जड, तेव्हा किडनीच्या डॉक्टरांना आजच कळव, आणि त्यातलं सौम्य, लायपोसोमल मिळेल का ते विचार. स्टिरॉइड आपल्या मनानं बंद करू नका हं.

आजच निघा. ओपीडी संपली असली तरी थेट अपघात विभागात जा. पापणी उतरली किंवा एकाचे दोन दिसू लागले तर मिनिटही घालवू नका. चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि किडनीची फाईल पिशवीत टाक, मामंजींना बाकावर बसव, केसपेपर तू काढ.