संगणकाचे विचित्र वागणे : व्हायरस की हार्डवेअर?

प्रश्न : पावसाळा लागल्यापासून संगणक मध्येच बंद पडतो, घड्याळ मागे जाते, कधी निळा पडदा येतो. हा व्हायरस असेल का?
– एक वाचक, लोणावळा

उत्तर : विंडोज सुरू होण्याआधी, बायोसच्या पडद्यावरच संगणक बंद पडत असेल, तर दोष बहुधा हार्डवेअरचा असतो. अनोळखी वेबपाने आपोआप उघडणे, अँटिव्हायरस परस्पर बंद होणे, फायली न उघडणे ही व्हायरसची लक्षणे. घड्याळ मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल बहुधा संपलेला असतो.

लोणावळ्यात वर्षाला सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. दमट हवेने रॅमचे स्लॉट आणि जोडण्या गंजतात. पंख्यात ओलसर धूळ साचून प्रोसेसर तापतो. विजेच्या चढउतारांनी पॉवर सप्लाय कमकुवत होतो.

तपासणीत पहिले काम बॅकअपचे. फक्त कागदपत्रे आणि फोटो घ्यावेत, प्रोग्रॅम नकोत. हार्ड डिस्क टकटक आवाज करत असल्यास संगणक बंद करून ती जाणकाराकडे द्यावी.

नंतर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवावे. तरीही संगणक बंद पडला, तर दोष हार्डवेअरचा. प्लग काढून धूळ झाडावी, रॅम काढून पुन्हा बसवावी आणि विंडोजच्या मेमरी डायग्नोस्टिकने तपासावी; मग पॉवर सप्लाय बदलून पाहावा. लिनक्सवर सारे सुरळीत चालले, तर संशय विंडोज, ड्रायव्हर, डिस्क किंवा व्हायरसवर येतो. अशा वेळी डिस्कची स्मार्ट नोंद (तिच्या प्रकृतीचा अहवाल) पाहावी आणि विंडोजमधल्या डिफेंडर अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन करावे. ते विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी चालत असल्याने लपलेला व्हायरसही सापडू शकतो.